सुई बदलली आणि आधी पाऊसच ऐकू आला

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे अडखळणे तेवढे काढले आहे, बाकी जसे बोललो तसे ठेवले आहे.)

कोणी एसटीत असेल, कोणी ऑफिसच्या बसमध्ये, कोणी रात्री दिवे घालवून नुसतं ऐकत असेल. आज मी तळेऱ्याहून बोलतोय. मागे मधूनच गाड्यांचा आवाज येईल, तो मुंबई-गोवा हायवे आहे. तो काढून टाकायचा प्रयत्न केला होता, पण त्याच्याबरोबर माझाच आवाज जायला लागला. म्हणून राहू दिलाय.

आजचा विषय म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई. म्हणजे खरं तर सुई आणि तिच्यामागचा तो छोटासा डबा, ज्याला कार्ट्रिज म्हणतात. मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "टर्नटेबल घेतलंय, पण आवाज फोनपेक्षा वाईट येतो. बारीकसारीक सगळं ऐकू येईल अशी कार्ट्रिज कोणती घेऊ?" नुसतं मॉडेलचं नाव सांगून दोन मिनिटांत एपिसोड संपवता आला असता. पण मी स्वतः ती निवडताना जो घोळ घातला तो आधी ऐका, मग ठरवा.

आमच्या आजोबांची तळेरे नाक्यावर लाऊडस्पीकर सर्व्हिस होती. १९७४ पासून. लग्न, सत्यनारायण, गणपती, गावची जत्रा, काही असलं की आजोबांचा अँप्लिफायर, दोन कर्णे आणि रेकॉर्डींची पेटी बैलगाडीत नाहीतर टेम्पोत चढायची. कॅसेट आल्या आणि रेकॉर्डी मागे पडल्या. नंतर हायवेचं रुंदीकरण झालं, त्यात नाक्यावरचं दुकान गेलं. दुकानातलं सामान घरी आलं आणि रेकॉर्डी गोणपाटात बांधून माळ्यावर गेल्या. कोकणातला माळा, वर कौलं, आणि मध्ये कितीतरी पावसाळे. काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

घरून काम सुरू झालं तेव्हा मी इथे आलो आणि एका रविवारी ती गोणपाटं खाली काढली. साधारण दोनशे रेकॉर्डी निघाल्या. नाट्यगीतं, माणिक वर्मा, प्रल्हाद शिंदे, शाहीर साबळे, भरपूर हिंदी सिनेमा आणि तळाशी वीस-पंचवीस जुन्या लाखेच्या, ७८च्या स्पीडच्या रेकॉर्डी. आजोबा आता ८१ वर्षांचे आहेत. कान कमी झालेत. कानाचं मशीन घ्या म्हणून घरातले दोन वर्षं मागे लागलेत आणि ते दोन वर्षं "बघूया" म्हणतायत. मी ठरवलं की ह्यांना ह्यांच्याच रेकॉर्डी नीट ऐकवायच्या. आणि ज्या कुठेच ऑनलाइन नाहीत, त्या उतरवून ठेवायच्या.

मी टर्नटेबल घेतलं ते ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स. कारण साधं होतं. ते ३३, ४५ आणि ७८ अशा तिन्ही स्पीडला फिरतं, वजन आणि बाकीच्या गोष्टी हाताने सेट करता येतात, आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडता येतं. ह्या कंपनीने मला एक रुपया दिलेला नाही, हे आधीच सांगतो. दुसऱ्या कंपन्यांची नावंही पुढे येतीलच.

कार्ट्रिज करते काय?

रेकॉर्डवर एक लांबच लांब नागमोडी चर असते. सुईचं टोक, म्हणजे हिऱ्याचा कण, त्या चरीतून जाताना थरथरतं. ती थरथर एका बारीक दांडीतून मागे जाते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला चुंबक असेल आणि तो तारेच्या वेटोळ्यांजवळ हलत असेल तर ती मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज. वेटोळी हलत असतील आणि चुंबक जागेवर असेल तर ती मूव्हिंग कॉइल. दोन्हीत तयार होते ती वीज, आणि तीही अगदी थोडी. माझ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून साधारण साडेतीन-चार मिलिव्होल्ट निघतात. साठच्या दशकापासून जपानची डेनॉन कंपनी बनवते ती डीएल-१०३ नावाची मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्ट देते. म्हणजे दहा पटींहून कमी.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण माझी पहिली चूक इथेच झाली. सगळीकडे वाचलं होतं की मूव्हिंग कॉइल म्हणजे बारकाव्यांचा राजा. पुण्याच्या एका मित्राकडे तशी एक पडून होती. मी ती हट्टाने मागून आणली, लावली, आणि आवाज? शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तेवढा. वर वीजेची घूं घूं. कारण माझ्या टर्नटेबलच्या आतला प्रीअँप फक्त मूव्हिंग मॅग्नेटसाठी आहे. तो आवाज साधारण साठपट वाढवतो, आणि कमी आउटपुटच्या मूव्हिंग कॉइलला हजारपटीच्या आसपास लागतं. म्हणजे कार्ट्रिज फुकट आणून मला वेगळा प्रीअँप विकत घ्यावा लागला असता. तर पहिला धडा हा की कार्ट्रिज एकटी विकत घेता येत नाही. तिच्या मागे प्रीअँप, पुढे आर्म आणि खाली रेकॉर्ड असते. ह्या तिघांना जी जमेल तीच घ्यायची.

"बारकावे" म्हणजे नक्की काय?

आता मुद्द्याची गोष्ट. थोडं गणित आहे, पण तोंडी करण्यासारखं.

एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला फेरा मोठा, त्यामुळे सुईखालून चर सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर वेगाने सरकते. लेबलजवळ आलात की फेरा लहान होतो आणि तोच वेग सुमारे २१ सेंटीमीटरवर येतो. स्पीड तोच, पण गाण्याला मिळणारी जागा निम्म्याहून कमी. आता १०,००० हर्ट्झचा आवाज घ्या. "स", "श", "च" म्हणताना जो हवेचा फवारा येतो, किंवा झांजेची किनार, ती साधारण ह्या भागातली. बाहेरच्या कडेला ह्या आवाजाची एक लाट ५१ मायक्रॉन लांब असते. आत लेबलजवळ ती २१ मायक्रॉनची होते. म्हणजे एक वळण साधारण १० मायक्रॉनमध्ये बसवलेलं.

आता सुई बघा. सगळ्यात साधी सुई गोल टोकाची, तिला कोनिकल म्हणतात. तिच्या टोकाची त्रिज्या सुमारे १५ मायक्रॉन. १० मायक्रॉनच्या वळणात १५ची गोळी कशी जाणार? नाहीच जात. करूळ घाटातल्या वळणावर लांबलचक ट्रेलर घातल्यासारखं होतं. तो वळण कापतो, कठड्याला घासतो. म्हणून एलपीच्या बाजूचं शेवटचं गाणं नेहमी फाटल्यासारखं येतं आणि "स" चा "ख्श्श" होतो. आपल्याला वाटतं रेकॉर्ड खराब आहे. बऱ्याचदा रेकॉर्ड बरी असते, सुई जाड असते.

लंबगोल, म्हणजे एलिप्टिकल सुईची कडेची त्रिज्या सात-आठ मायक्रॉन असते. शिबाता नावाची एक सुई आहे, ती माझ्या मालिकेत साधारण साडेसहाची. आणि मायक्रोलिनिअर, ती तीन मायक्रॉनची. तीच सुई वरून खाली मात्र चरीच्या भिंतीला लांब पट्ट्यात टेकते, त्यामुळे वजन एका बिंदूवर पडत नाही.

शिबाताची गोष्ट मला फार आवडते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसी कंपनीने चार स्पीकरची रेकॉर्ड काढली होती, सीडी-४ नावाची. त्यात मागच्या दोन स्पीकरची माहिती ३०,००० हर्ट्झच्या कॅरिअरवर बसवलेली होती. म्हणजे माणसाला ऐकूही येत नाही असा आवाज, पण सुईला तो वाचता आलाच पाहिजे. साध्या सुया त्यात हरल्या. म्हणून तिथले इंजिनिअर नोरिओ शिबाता यांनी नवा आकार काढला. चार स्पीकरची रेकॉर्ड काही चालली नाही. सुई मात्र राहिली. सॉफ्टवेअरमध्ये असं रोज होतं. प्रॉडक्ट बंद पडतं आणि त्यासाठी लिहिलेली लायब्ररी पुढे सगळे वापरतात.

तर बारकावे म्हणजे ही बारीक वळणं खरोखर वाचणं. ह्यात एक फसवणूक असते. काही कार्ट्रिज वरच्या पट्टीचे आवाज नुसते जोरात देतात. पहिली पाच मिनिटं वाटतं, वा, काय डिटेल आहे! अर्ध्या तासाने कान दुखतात. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये हे चुकीच्या केबलनेही होतं. केबलची आणि प्रीअँपची मिळून एक कपॅसिटन्स असते. माझ्या कार्ट्रिजला कंपनी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते. लांब केबल लावून तुम्ही ती दुप्पट केलीत की आवाजाला १०-११ हजार हर्ट्झच्या आसपास उंचवटा येतो आणि त्याच्या पुढे सगळं गळून पडतं. म्हणजे नेमका "स" टोचतो. केबल आखूड ठेवा, चांगली ठेवा. नवी कार्ट्रिज घेण्याआधी हे करून बघा, पैसे वाचतील.

मग मी काय घेतलं?

माझ्या टर्नटेबलबरोबर व्हीएम९५ई नावाची लंबगोल सुईची कार्ट्रिज आली होती. ह्या मालिकेची सोय अशी की मागचा डबा तोच ठेवून पुढची सुई तेवढी ओढून काढायची आणि दुसरी बसवायची. त्यात गोल, लंबगोल, मायक्रोलिनिअर, शिबाता आणि ७८च्या रेकॉर्डींसाठी जाड सुई, सगळं मिळतं. ऑर्टोफॉनच्या टूएम मालिकेतही अशी अदलाबदल आहे, पण जोडीजोडीने. रेडच्या डब्यावर ब्लूची सुई बसते, ब्राँझच्या डब्यावर ब्लॅकची. रेडचा आवाज जरा भरदार, ब्लॅकवर शिबाता सुई.

मी मायक्रोलिनिअर घेतली, व्हीएम९५एमएल. मी घेतली तेव्हा ती लंबगोल सुईच्या साधारण अडीच पट महाग पडली. पण कंपनीच्या सांगण्यानुसार लंबगोल सुई ३०० तास चालते आणि मायक्रोलिनिअर १,००० तास. भागाकार करा, तासाचा हिशेब उलट स्वस्त पडतो. घरी बाबांना हाच हिशेब सांगितला. बाबा म्हणाले, "हजार तास ऐकणार कोण?" ह्याला उत्तर नव्हतं.

सुई आली. एका संध्याकाळी आजोबांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या आवडीचा नाट्यगीतांचा एलपी काढला आणि सुई टेकवली.

[इथे ऑडिओत त्या पहिल्या वेळचा वीस सेकंदांचा तुकडा आहे.]

ऐकलंत? चर्र, फट्, खर्र. आजोबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "अरे झिला, गाना खय गेला? ह्यो तर पावसाचो आवाज." मग हळूच, मला वाईट वाटू नये म्हणून, "आदली सुई काय वायट नव्हती."

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही. एवढे पैसे घालून मी आजोबांना खरखर विकत आणून दिली होती.

बारीक सुई घाणही बारकाईने वाचते

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर कारण कळलं. जाड सुई चरीत वरच्या वर अडकते. बारीक सुई खोल जाते. आणि खोल काय होतं? पस्तीस-चाळीस वर्षांची धूळ, उदबत्तीची राख आणि बुरशी. सुई तिचं काम चोख करत होती. जे होतं ते सगळं सांगत होती.

म्हणून धुलाई. विनायलच्या एलपीसाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रशने चरीच्या दिशेने गोल गोल, लेबलला पाणी लागू न देता. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवायचं. सुकवायला मी आजीचं ताटाळं वापरलं. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण रेकॉर्डी उभ्या सुकवायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

आणि हे नीट ऐका, हे महत्त्वाचं आहे. ७८च्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना अल्कोहोल लावलंत तर रेकॉर्ड साफ होणार नाही, गाणंच पुसलं जाईल. त्यांना फक्त पाणी, तेही थोडा वेळ, आणि लगेच कोरडं करायचं.

दुसरं काम म्हणजे सेटिंग. बारीक सुई जेवढी जास्त वाचते तेवढी जागेबाबत हट्टी असते. गोल सुई थोडी वाकडी बसली तरी चालवून घेते, मायक्रोलिनिअर नाही घेत. प्रोट्रॅक्टर नावाचा कागद छापून मिळतो, त्यावरच्या रेघांशी कार्ट्रिज जुळवायची. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. माझ्या सुईला २ ग्रॅम लागतात, १.८ ते २.२ च्या मध्ये. खूप जण वजन कमी ठेवतात, वाटतं रेकॉर्डची झीज कमी होईल. उलट होतं. हलकी सुई चरीत उड्या मारते आणि भिंत फोडते.

मी काट्यावर वजन बघत होतो तेव्हा आजोबा शेजारी बसले होते. म्हणाले, त्यांच्या वेळी सुई उडाली की आर्मवर चार आण्याचं नाणं ठेवायचे. ते पंचवीस पैशांचं जुनं नाणं साधारण अडीच ग्रॅमचं. आणि त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज मुळात पाच-सहा ग्रॅमवर चालायची. म्हणजे एकूण आठच्या आसपास. माझ्या चौपट. रेकॉर्डी एवढ्या का झिजल्या ते मला कळलं, आणि मी ते त्यांना बोलून दाखवलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "रेकॉर्ड ठेवाक नाय घेतलेली. वाजवूक घेतलेली." लग्नात नवरी निघताना सुई उडाली तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या, चर झिजली म्हणून कोणी घातल्या नाहीत. बरोबर आहे. मी इथे बसून ज्यांना चुका म्हणतोय, तो त्यांचा धंदा होता.

तिसरं म्हणजे हायवे. इथे रात्री भरलेले ट्रक जातात तेव्हा जमीन हलते. आपल्याला जाणवत नाही, सुईला जाणवतं. आर्म आणि कार्ट्रिज मिळून एका ठरावीक कंपनाला झुलतात, ते ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावं असं मानतात. ट्रकची हलकी थरथर त्याच्याच आसपास येऊ शकते. मी टर्नटेबल टेबलावरून काढून जांभ्याच्या भिंतीत मारलेल्या जाड फळीवर ठेवलं. खर्च जवळजवळ शून्य, आणि फरक दुप्पट किमतीच्या कार्ट्रिजएवढा.

दुसऱ्यांदा

आठ दिवसांनी तोच एलपी. धुतलेला, सुकवलेला, सुई सरळ.

[इथे ऑडिओत तोच तुकडा पुन्हा आहे.]

खरखर पूर्ण गेली नाही, ती जाणारही नाही. जिथे चर जड सुईने फोडलीच आहे तिथे जगातली कुठलीही कार्ट्रिज काही परत आणू शकत नाही. पण एक गंमत आहे. जुन्या गोल सुईने भिंतीवर एका ठरावीक उंचीला झीज केली होती. ही नवी सुई त्याच्या खाली, न झिजलेल्या भागालाही टेकते. म्हणजे ज्या रेकॉर्डी आपण वाजवून वाजवून संपवल्या असं वाटतं, त्यात खाली थोडं गाणं शिल्लक असतं. सगळ्याच रेकॉर्डींत नाही. ह्या एलपीत होतं.

बाजूचं शेवटचं गाणं लागलं, तेच, लेबलजवळचं. आजोबा बरोबर गुणगुणत होते. आणि एका ओळीवर आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली, ओल्या हातानेच. म्हणाली, "आयकलास? आता तरी आयकलास?" झालं होतं असं की त्या ओळीतला एक शब्द आजोबा चाळीस वर्षं वेगळाच म्हणत होते, आणि आजी चाळीस वर्षं सांगत होती की तो तसा नाही. शब्दात "स" होता, आणि जुन्या सुईवर तो नुसता फवारा यायचा. आता तो स्वच्छ होता. मला ऐकू आला, बाबांना ऐकू आला, आजीला तर आलाच. कोणता शब्द ते विचारू नका. घरातलं भांडण घरातच बरं.

ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या आजोबांना मात्र तो ऐकू आला नाही. ते म्हणाले, "गाणाऱ्यान चूक केल्यान." सगळे हसले, तेही हसले. पण मी पुन्हा सुई मागे नेली, पुन्हा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ते आम्ही काय ऐकतोय ते शोधतायत आणि त्यांना ते सापडत नाहीये. मी इतके दिवस तीन मायक्रॉनच्या गोष्टी करत होतो आणि साखळीतला शेवटचा भाग, कान, मी मोजलाच नव्हता.

आजी शांतपणे म्हणाली, "रेकॉर्डची सुई बदललंस, आता ह्यांच्या कानाची पण बदल."

पुढच्या आठवड्यात आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याने कोल्हापूरला गेलो आणि कानाची तपासणी केली. आलेख हातात आला तर दोन हजार हर्ट्झपासून उतार आणि चार हजारच्या पुढे दरी. डॉक्टर म्हणाले वय आहेच, पण वर्षानुवर्षं कर्ण्याजवळ उभं राहिल्याचाही भाग असणार. आजोबांनी मशीन घेतलं. पहिल्या दिवशी काढून ठेवलं, कारण ताटं, पंखा, हायवे, सगळंच अंगावर आलं. मी म्हटलं, "आजोबा, पहिल्या दिवशी माझ्या सुईवर पण पाऊसच होता." आता रोज संध्याकाळी दोन तास लावतात. तो शब्द त्यांना ऐकू येतो का ते मी विचारलेलं नाही. म्हणताना ते अजून जुनाच म्हणतात.

७८च्या रेकॉर्डी

हे थोडक्यात, कारण बऱ्याच जणांच्या घरी असतात. ७८च्या रेकॉर्डची चर एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉनची, म्हणजे तीन मिलची सुई लागते. एलपीची बारीक सुई लावलीत तर ती चरीच्या तळाशी, घाणीत लोळते आणि नुसता आवाज येतो. उलट ७८ची सुई एलपीवर कधी टेकवू नका, एलपी गेली म्हणून समजा. माझ्या मालिकेत त्यासाठी व्हीएम९५एसपी आहे. ७८ मोनो असतात. उतरवताना दोन्ही चॅनल एकत्र करा, निम्मी खरखर तिथेच कमी होते. जुन्या मोनो एलपींनाही हेच लागू.

माळ्यावरच्या एका ७८चं लेबल बुरशीने पूर्ण खाल्लं होतं. अशी निघाली तर फेकू नका. लेबलजवळच्या मोकळ्या जागेत एक नंबर दाबलेला असतो, तो मॅट्रिक्स नंबर. तिरप्या उजेडात वाचता येतो, आणि त्यावरून जाणकार रेकॉर्ड ओळखतात. मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, त्यांच्या लेखांतून मी हे शिकलो.

आणि कार्ट्रिजचं महत्त्व पटत नसेल तर एक गोष्ट. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड पाठवली. तिच्यात आपल्या शेजारच्या गोव्यातल्या केरी गावच्या, सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या लोकांनी फक्त रेकॉर्ड पाठवली नाही. बरोबर कार्ट्रिज आणि सुई पाठवली, आणि सुई कशी टेकवायची त्याचं चित्र झाकणावर कोरलं. कारण सुईशिवाय ती रेकॉर्ड म्हणजे नुसती थाळी.

तर घ्यायचं काय?

क्रम सांगतो. आधी रेकॉर्डी धुवा. मग आहे तीच कार्ट्रिज नीट बसवा, वजन मोजा, केबल बघा, टर्नटेबल न हलणाऱ्या जागी ठेवा. एवढ्यावर निम्म्या लोकांचं काम होतं. त्यानंतरही शेवटची गाणी फाटत असतील तर सुईचा आकार बदला. लंबगोलवरून मायक्रोलिनिअर किंवा शिबाता. डबा तोच राहत असेल तर फार बरं. मूव्हिंग कॉइलच्या नादी प्रीअँप असेल तेव्हाच लागा. आणि तुमच्या रेकॉर्डी जुन्या बाजारातल्या, खूप घासलेल्या असतील, सेटिंगचा कंटाळा असेल, तर साधी गोल किंवा लंबगोल सुई आनंदाने वापरा. डीएल-१०३ला गोलच सुई आहे आणि लोक साठ वर्षं ती प्रेमाने ऐकतायत.

आणि घरातल्या ज्या माणसासाठी हे करताय, त्याचे कान एकदा तपासून घ्या. हे मी शेवटी केलं, तुम्ही आधी करा.

पुढच्या वेळी ह्या रेकॉर्डी लॅपटॉपवर कशा उतरवायच्या ते बोलू. तुमच्या माळ्यावर काय आहे ते मला कळवा. आजी चहाला हाका मारतेय, आणि तिचं ताटाळं मला आज परत द्यायचंय. भेटू!